धडधड मनाची की डॉल्बीची, हे आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या महाविद्यालयांत प्रकल्पांचे विषय ठरू लागतात आणि त्यांत एक विषय हमखास असतो : गणेशोत्सवातल्या आवाजाचा नागरिकांच्या मनावर होणारा परिणाम. विद्यार्थी शंभरेक झेरॉक्स काढतात, विसर्जनानंतर गल्लीत वाटतात, बेरजा करतात आणि एक टक्केवारी काढतात. विषय महत्त्वाचा आहे, मुलांचे कष्टही खरे असतात. पण आकडे ज्या रीतीने काढले जातात, त्यांतून ना रहिवाशांची तक्रार सिद्ध होते, ना मंडळांचा निर्दोषपणा. उत्सवाला अजून काही आठवडे आहेत. एवढ्या वेळात हे काम नीट आखता येते, म्हणून मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत.

पहिला घोळ प्रश्नावली निवडतानाच होतो. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९७० मध्ये तयार केलेली आणि १९८३ मध्ये सुधारलेली चिंता-प्रश्नावली संशोधनात फार वापरली जाते. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या २० विधानांत ‘आत्ता, या क्षणी’ कसे वाटते ते विचारले आहे, दुसऱ्या २० विधानांत ‘एरवी’ कसे वाटते ते. एक प्रसंगाने चढणारी-उतरणारी चिंता, दुसरी स्वभावात मुरलेली. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण, म्हणजे प्रत्येक भागाची बेरीज २० ते ८०. मिरवणुकीचा परिणाम शोधायचा तर पहिला भागच हवा आणि तो त्या वेळी, त्या जागी भरून घेतला पाहिजे. विसर्जन झाल्यावर दोन दिवसांनी वर्गात पंख्याखाली बसवून ‘आत्ता कसे वाटते?’ असे विचारले, तर कळते ते वर्गाबद्दल. उलट, दुसरा भाग दिला तर दहा-अकरा दिवसांच्या उत्सवाने तो फारसा हलणारच नाही, कारण न हलण्यासाठीच तो बनवला आहे. मग ‘आवाजाचा काही परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तो आवाजाच्या खात्यावर मांडला जातो. वाजत्या मिरवणुकीत २० विधाने कोण भरत बसणार, ही अडचण खरी आहे. त्यासाठी पहिल्या भागाची ६ विधानांची छोटी आवृत्ती १९९२ पासून उपलब्ध आहे. मूळ प्रश्नावली हक्कसंरक्षित असल्यामुळे ती वापरण्याची परवानगी आधीच मागावी लागते, हेही मार्गदर्शक प्राध्यापकांनी लक्षात ठेवावे.

जीएडी-७ ही चिंतेचीच दुसरी प्रश्नावली २००६ सालची आहे. फक्त ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २१. ती विनाशुल्क वापरता येते म्हणून मुलांच्या हाती बहुधा हीच पडते. ती ‘गेल्या दोन आठवड्यांत’ काय काय झाले ते विचारते. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांत भरून घेतली, तर त्या चौदा दिवसांत सगळा उत्सव येतो. आठवडाभर उशीर झाला की सुरुवातीचे चार दिवस गळतात आणि त्यांच्या जागी शांततेचे सात दिवस येऊन बसतात. शिवाय या ७ प्रश्नांत झोपेबद्दल एकही प्रश्न नाही. रात्रीच्या आवाजाने सर्वांत आधी बिघडते ती झोपच. म्हणून झोपेचे प्रश्न वेगळे जोडावे लागतात : काल किती वाजता आडवे झालात, आवाजामुळे किती वेळा जाग आली, पुन्हा झोप लागायला अंदाजे किती वेळ गेला. आणि जागरण स्वतःच्या हौसेने होते की आवाजामुळे, हेही विचारावे. उत्सवात निम्मी गल्ली आपण होऊन जागी असते.

आता भाषा. आमच्या मते सीमाभागातली निम्मी प्रश्नपत्रके इथेच फसतात. इंग्रजी प्रश्न समोर ठेवून ‘मला काळजी वाटते’ असे लिहिले की काम झाले, असे वाटते. पण मराठीत काळजी करतातही आणि घेतातही. ‘मी घरच्यांची फार काळजी करते’ याला एखादी आई अभिमानाने ‘हो, रोज’ म्हणेल आणि तिला चिंतेचे पूर्ण गुण मिळतील. ‘नर्व्हस’ शब्द तसाच ठेवला तर आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा खट्टू होणे, निराश होणे असा घेतात. परीक्षेत गुण कमी पडलेला मुलगा ‘नर्व्हस’ होतो. ‘अस्वस्थ’ म्हटले की वयस्क माणसाला प्रकृती बरी नाही असे वाटते. ‘निवांत’ म्हणजे मनाने शांत की हाताला काम नाही, हे ऐकणारा ठरवतो. त्यापेक्षा ‘डोक्यातले विचार थांबवता येत नाहीत’, ‘एका जागी बसवत नाही’, ‘लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते’, ‘काहीतरी वाईट घडणार असे वाटत राहते’ अशी बोलती वाक्ये घ्यावीत.

पद्धत अवघड नाही. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करावे, मग एकत्र बसून एक करावे. ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही अशा तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे आणि मुळाशी ताडून पाहावे. त्यानंतर वडगावातला विणकर, टिळकवाडीतली निवृत्त शिक्षिका, खानापूरकडचा शेतकरी, कॉलेजातली मुलगी अशा आठ-दहा जणांना एकेक वाक्य वाचून दाखवावे आणि ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणावे. दहांतल्या तिघांनी वेगळा अर्थ सांगितला तर वाक्य बदलावे. तयार भाषांतर मिळाले तरी ही शेवटची पायरी गाळू नये, कारण पुण्यात तपासलेले वाक्य चिकोडीत तसेच पोहोचेल याची खात्री नसते.

एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे असतात. तीनही भाषांतली पत्रके वेगवेगळी तपासावी लागतात. आणि एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो : दोन भाषांच्या पत्रकांतले सरासरी गुण शेजारी ठेवून अमुक भाषक जास्त चिंताग्रस्त, असे कोणीही छापू नये. तो फरक माणसांचा नसून भाषांतराचा असू शकतो. एका पत्रकात ‘भीती’ आणि दुसऱ्यात तिच्यापेक्षा सौम्य शब्द पडला, एवढ्यानेही दोन-तीन गुणांचा फरक पडतो. प्रत्येक भाषागटाची तुलना त्याच गटाच्या उत्सवाआधीच्या गुणांशी करावी. आपल्या भागात अशा आकड्याचे पुढे काय होते, हे वाचकांना सांगायला नको.

पत्रक वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवावे लागते. तेव्हा घरातली इतर माणसे शेजारी नसावीत. सासूसमोर सून आणि मुलासमोर बाप वेगळे उत्तर देतो. ‘अजिबात नाही’ ते ‘जवळजवळ रोज’ हे चार पर्याय, चढत्या आकाराच्या चार वर्तुळांसह, पुठ्ठ्यावर काढून हातात द्यावेत. प्रश्न वाचणाऱ्याने उदाहरणे देऊ नयेत. ‘म्हणजे डीजेमुळे होते तसे’ एवढे एक वाक्य बोलले तरी ते पत्रक बाद धरावे. त्याच कारणाने पत्रकाच्या माथ्यावर ‘ध्वनिप्रदूषण सर्वेक्षण’ असे मोठ्या अक्षरांत लिहू नये. ‘आपल्या वस्तीतले राहणीमान’ असे लिहावे, चिंतेचे आणि झोपेचे प्रश्न आधी घ्यावेत, आवाजाचे शेवटी. आवाजाचा त्रास आधी विचारला की माणूस पुढची सगळी उत्तरे त्या तक्रारीला जुळवून देतो.

शरीराच्या लक्षणांवर बेतलेल्या प्रश्नावल्यांत आणखी एक सापळा आहे. ॲरन बेक यांच्या १९८८ च्या २१ प्रश्नांच्या यादीत धडधड, थरथर, घाम, चक्कर, श्वास कोंडणे अशी शारीरिक लक्षणेच जास्त आहेत. दवाखान्यात ती उपयोगी पडते. पण डॉल्बीची भिंत दारावरून जाते तेव्हा खिडकीची तावदाने हलतात, छातीचा पिंजराही हलतो. ‘छातीत धडधड झाली का?’ याला ‘हो’ आले तर ती धडधड मनाची की डॉल्बीची, हे उत्तरावरून कळत नाही. गर्दीत घामही येतो. मिरवणुकीच्या रात्रीसाठी ही यादी आम्ही सुचवणार नाही.

बेरजेतली चूक सर्वांत साधी आणि सर्वांत महाग असते. स्पीलबर्गर यांच्या पहिल्या भागातली १० विधाने शांतपणाची आहेत : ‘मी शांत आहे’, ‘मला सुरक्षित वाटते’ अशी. त्यांचे गुण उलटे करावे लागतात, म्हणजे ५ मधून दिलेला गुण वजा करायचा. हे विसरले तर काय होते पाहा. पूर्ण शांत माणूस चिंतेच्या १० विधानांना १ आणि शांततेच्या १० विधानांना ४ देतो, बेरीज ५०. पूर्ण घाबरलेला माणूस चिंतेच्या १० ना ४ आणि शांततेच्या १० ना १ देतो; बेरीज पुन्हा ५०. खरे गुण २० आणि ८० असायला हवे होते. ज्या अहवालात सगळ्यांचे गुण ५० च्या आसपास घोटाळतात, तिथे सर्वांत आधी हे तपासावे. भाषांतरात ‘मला ताण नाही असे वाटत नाही’ यासारखे दुहेरी नकार शिरले असतील, तर उलटे करूनही काही हाती लागत नाही.

आणि आता तो टक्का, ज्याची पुढे बातमी होते. जीएडी-७ मध्ये ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र चिंता अशा पायऱ्या आहेत. १० ही रेषा मूळ अभ्यासात विकार असलेल्या १०० पैकी ८९ जणांना पकडते आणि विकार नसलेल्या १०० पैकी ८२ जणांना मोकळे सोडते. ऐकायला चोख वाटते. पण एका भागात १००० माणसे आहेत आणि त्यांतल्या १०० जणांना खरोखर विकार आहे, असे धरून चाला. चाचणी त्यांतले ८९ पकडेल. उरलेल्या ९०० पैकी १८ टक्के, म्हणजे १६२ निरोगी माणसेही १० च्या वर जातील. रेषेवर एकूण २५१. त्यांत खरे ८९. दर तिघांपैकी जवळजवळ दोघे निरोगी! ही प्रश्नावली म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. ‘शहरातील २५ टक्के नागरिकांना चिंताविकार’ हा मथळा अशा चाळणीवरूनच तयार होतो. ‘इतक्या जणांना पुढील तपासणीची गरज’ एवढेच त्यातून म्हणता येते.

मनाचे मोजमाप नीट केले तरी आवाजाचे मोजमाप नसेल तर दोन्हींचा संबंध जोडायचा कशाशी? बहुतेक प्रकल्पांत मोबाइलमधले ॲप वापरतात. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी असतो. मोठा आवाज तो कापतो, खर्ज गाळतो. अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाचा (क्लास २) साधा ध्वनिमापक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मिळू शकतो. मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर ९४ डेसिबलच्या प्रमाणकाने (ठरावीक आवाज देणाऱ्या उपकरणाने) तो तपासावा. दोन वाचनांत ०.५ पेक्षा जास्त फरक आला तर त्या वेळची नोंद टाकून द्यावी. उंची जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर, भिंतीपासून अंतर ३.५ मीटर. जुन्या बेळगावातल्या अरुंद गल्ल्यांत हे अंतर मिळणार नाही. तिथे भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाने आकडा सुमारे ३ डेसिबलपर्यंत वर जातो. म्हणून भिंत किती दूर होती ते लिहून ठेवावे. माइकवर स्पंजची टोपी घालावी. भाद्रपदातल्या पावसात मोजू नये. पत्र्यावरच्या सरीचाच आकडा येतो.

डेसिबलची सरासरी साध्या बेरजेने काढत नाहीत. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ९० डेसिबल असेल तर सरासरी ७५ नव्हे, ८७ येते, कारण ९० डेसिबलमध्ये ६० च्या हजारपट ऊर्जा असते. कायद्यातल्या मर्यादाही अशा ऊर्जेच्या सरासरीच्या आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. क्षणभर दिसलेला सर्वोच्च आकडा ५५ शेजारी ठेवून तुलना करणे म्हणूनच चुकीचे आहे. वर्षात १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत ध्वनिक्षेपकाची परवानगी राज्य सरकार देऊ शकते. ती सवलत वेळेची आहे, डेसिबलची नव्हे.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. हे सगळे आकडे ‘ए’ भाराने, म्हणजे कानाला ऐकू येते त्या बेताने आवाज तोलणाऱ्या मापाने घेतात आणि तो भार खर्ज जवळजवळ पुसून टाकतो. ६३ हर्ट्झला तो २६ डेसिबल वजा करतो. डीजेचा ठोका बरोबर तिथेच असतो. त्याच जागी खर्ज फारसा न गाळणाऱ्या ‘सी’ भारानेही वाचन घ्यावे. दोन्हींतला फरक १५-२० च्या वर गेला तर समजावे की घरात शिरतोय तो मुख्यतः खर्ज. खिडक्या लावून तो थांबत नाही, आणि ‘आकडा तर कमी आहे, मग लोकांची तक्रार का?’ या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याचदा इथे असते.

मोजायचे कधी आणि कोणाचे? त्याच माणसांचे तीनदा : उत्सवाआधी तीन आठवडे, विसर्जनानंतर लगेच, आणि पुन्हा महिन्याभराने. सोबत मिरवणूक-मार्गापासून दूरची, पण राहणीमान सारखे असलेली एक वस्ती घ्यावी. उत्सवाचा खर्च, पाऊस, सहामाही परीक्षा यांचा ताण दोन्हीकडे सारखा असतो. उरलेल्या फरकाबद्दल बोलता येते. गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) १० धरले आणि दोन वस्त्यांतला ५ गुणांचा फरक ओळखायचा असेल, तर प्रत्येक वस्तीतून किमान ६३ माणसे लागतात. गळती आणि एकाच गल्लीतल्या माणसांचे साम्य धरून ८० ते १०० घ्यावीत. शंभर पत्रके दहा गल्ल्यांत दहा-दहा वाटून काही कळत नाही.

आवाजाचा त्रास, आवाजाची संवेदनशीलता आणि चिंता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्रासासाठी घरी असताना गेल्या वर्षभरात किती त्रास झाला हे ० ते १० मध्ये विचारण्याची आंतरराष्ट्रीय मानकाची रीत आहे. फक्त उत्सवापुरते विचारायचे असेल तर काळ बदलून लिहावा आणि तसे नमूद करावे. संवेदनशीलतेसाठी वाइनस्टाइन यांची १९७८ ची २१ विधाने आहेत. जो मुळात आवाजाला हळवा असतो तो त्रासही जास्त सांगतो आणि चिंताही. ही माहिती घेतली नाही तर सगळे माप आवाजाच्या पदरात पडते. वडगाव, खासबाग, शहापूरच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांचे प्रकरण तर आणखी वेगळे. ज्या आवाजावर घर चालते त्याचा त्रास माणूस कमी सांगतो. शिवाय वर्षानुवर्षे मागाशेजारी उभे राहून कान गेलेले असले, तर मिरवणूक त्याला मोठी वाटतच नाही. त्याचे ‘त्रास नाही’ हे उत्तर आवाजाच्या बाजूने पुरावा म्हणून वापरणे हा त्याच्यावर अन्याय आहे. पत्रकात व्यवसाय आणि ऐकू येण्याबद्दल एकेक प्रश्न घालायलाच हवा.

शाळकरी मुलांना मोठ्यांची प्रश्नावली देऊ नये. ‘दोन आठवड्यांत किती दिवस’ हा हिशेब पाचवीतल्या मुलाला जमत नाही. त्यांच्या बाबतीत वाचन तपासणे जास्त खात्रीचे. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाच्या बाजूच्या वर्गांतली मुले त्याच इमारतीतल्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे असल्याचे १९७५ मध्ये दिसले आणि पुढे आवाज कमी केल्यावर तो फरक मिटला. आपल्याकडे रेल्वेमार्गालगत आणि पुणे-बंगळूर महामार्गालगत शाळा आहेत. तिथे हा अभ्यास वर्षभर करता येईल, त्यासाठी उत्सवाची वाट पाहायला नको.

एक प्रश्न मात्र प्रत्येक पत्रकात हवाच : आवाज कधी थांबणार हे तुम्हाला माहीत होते का, आणि सांगितल्यावर तो कमी होईल असे वाटत होते का? १९७२ च्या सुमारास ग्लास आणि सिंगर या अमेरिकी संशोधकांनी दाखवले की अवेळी, अनियमित येणारा आवाज थांबल्यानंतरही माणसाची चिकाटी कमी करतो, चुका वाढवतो. पण आवाज बंद करण्याचे बटण हाताशी आहे एवढे सांगितले, तर बटण न दाबताही हा परिणाम बराच कमी होतो. म्हणजे डेसिबल तेच, मनावरचा भार वेगळा. मंडळांना यातून लगेच करता येण्यासारखे काम आहे. मिरवणूक कोणत्या चौकात किती वाजता येईल आणि कधी पुढे सरकेल ते आदल्या दिवशी घरोघरी कळवणे; आजारी माणूस, तान्हे मूल असलेल्या घरांसमोर ठोका थांबवणे; तक्रारीसाठी मंडळाच्या एका जबाबदार कार्यकर्त्याचा फोन चौकात लावणे आणि तो उचलणे. काही मंडळांनी हे केले आणि काहींनी नाही, तर दोन्हींच्या मार्गावरची पत्रके ताडून त्याचा उपयोगही मोजता येईल.

सर्वेक्षण करणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. पत्रकावर नाव नको, पण सांकेतिक क्रमांक हवा, म्हणजे ज्याचे जीएडी-७ चे गुण १५ च्या वर गेले त्याला खासगीत कळवता येईल. त्याच्या हाती काहीतरी द्यायला हवे : टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक, जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्यावी.

आपल्याकडे एक विनंती. असे अहवाल छापताना प्रश्नावली कोणती, किती जणांनी कोणत्या भाषेत आणि विसर्जनानंतर किती दिवसांनी भरली, आवाज कुठे आणि कशाने मोजला, या चार गोष्टी बातमीत असाव्यात. नसतील तर त्या मागवून घ्याव्यात. ज्या महाविद्यालयांना यंदा हे काम करायचे आहे, त्यांच्या पत्रकांची मराठी आणि कन्नड भाषांतरे तपासून द्यायला आम्ही तयार आहोत. आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पहिली फेरी उत्सवाआधी तीन आठवडे व्हायची असल्याने पत्रके त्याच्याही आधी आमच्यापर्यंत यायला हवीत.

आपले,
मानसशास्त्र व संख्याशास्त्राचे काही अध्यापक, बेळगाव